म्यानासकट

जुन्या शिकारी चाकूंच्या बाजारात सर्वांत जास्त भाव येतो तो कधीही शिकारीला न गेलेल्या चाकूला. ज्याने आयुष्यभर हरणे सोलली, ज्याचे पाते निसण्यावर घासून घासून दाभणाएवढे झाले, त्याच्याकडे गिऱ्हाईक एकदा आदराने बघते आणि पुढच्या टेबलाकडे वळते. आणि जो साठ वर्षे कपाटाच्या खणात तेलकट कागदात झोपून होता, ज्याच्या नशिबी साधा पाव कापणेही आले नाही, त्याच्यासाठी लिलावात बोली चढत जाते. पैलवानाची थोरवी त्याने न खेळलेल्या कुस्त्यांवरून ठरवावी, तसला हा न्याय आहे. तो एकदा पचवला की या विषयातले बाकीचे सगळे सोपे जाते.

शिकारी चाकू म्हणजे साधारण चार ते सहा इंची पात्याचा, न मिटणारा, कमरेला चामडी म्यानात लटकवायचा चाकू. मिटणारे शिकारी चाकूही असतात, पण मान पहिल्याचा. नावात शिकार असली तरी हा चाकू शिकार मारत नाही. ती बंदुकीने आधीच मेलेली असते. चाकूचे काम त्यानंतर सुरू होते: पोट फाडणे, आतडी काढणे, कातडे सोडवणे. म्हणजे काम खाटकाचे आणि नाव शिकाऱ्याचे. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी फासेवाले हे प्रामाणिकपणे जाणून होते आणि खाटकी सुरीच वापरत. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्ड गावी जॉन रसेलच्या ‘ग्रीन रिव्हर’ कारखान्यात अशा सुऱ्या निघत आणि पश्चिमेकडच्या डोंगरांत जात. लाकडी मूठ, साधे पाते, नखरा शून्य.

नखरा आणला जिम बोवीने. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर दोन गृहस्थांचे द्वंद्वयुद्ध ठरले होते. दोघांनी एकमेकांवर दोन-दोन गोळ्या झाडल्या, चारही हुकल्या, दोघांनी हात मिळवले आणि प्रकरण मिटले. त्यानंतर बरोबर आलेल्या मंडळींत मारामारी जुंपली. नवरा-नवरी गप्प आणि हाणामारी वऱ्हाडात, हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. त्या वऱ्हाडात बोवी होता. गोळ्या आणि वार खाऊनही त्याने आपल्या लांबलचक चाकूने समोरच्याला संपवले. वर्तमानपत्रांनी चाकूला डोक्यावर घेतले. १८३६ मध्ये बोवी अलामोच्या लढाईत मेला आणि त्याचा चाकू अमर झाला.

अमेरिकेला बोवी चाकू हवा आहे ही बातमी इंग्लंडमधल्या शेफील्डला पोहोचली आणि तिथल्या कारागिरांनी अटलांटिकपलीकडे चाकूंचा पाऊस पाडला. जॉर्ज वोस्टनहोमच्या कारखान्याचा शिक्का ‘आय एक्स एल’ होता. तो उच्चारला की ‘मी सरस आहे’ असे इंग्रजी वाक्य होते. स्वतःची स्तुती इतक्या कमी अक्षरांत आटोपणारा दुसरा कारखानदार सापडणे कठीण. त्या चाकूंच्या पात्यांवर शौर्याची वाक्येही कोरलेली असत. मात्र म्यान पाहावे तर आत दाबलेला पुठ्ठा, वर पातळ चामड्याचे सोनेरी नक्षीदार कव्हर आणि दोन्ही टोकांना रुपेरी धातूच्या टोप्या. सिंहगर्जना करणारा चाकू आणि त्याचे घर वहीच्या पुठ्ठ्याचे. परिणामी पाती टिकली, म्याने भिजून, मोडून, फाटून गेली. आज मूळ म्यानासकट शेफील्डचा बोवी समोर आला तर जाणता माणूस आधी म्यानच उचलतो.

वय ठरवायचे तर चाकूला काय विचारावे आणि काय विचारू नये, हे माहीत असावे लागते. पात्यावर मुठीलगत एक बिनधारेचा चौकोनी तुकडा असतो. कारखान्याचा शिक्का तिथे असतो आणि सगळी जन्मपत्रिका त्यातच असते. पहिला प्रश्न देशाचा. अमेरिकेचा १८९० चा जकात कायदा १८९१ पासून अमलात आला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. त्यामुळे पात्यावर नुसते ‘शेफील्ड’ असेल तर चाकू बहुधा त्याआधीचा. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ जोडलेले असेल तर त्यानंतरचा. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० यांमधला, कारण त्याआधी आणि त्यानंतर असा देशच नव्हता. एवढे असूनही ‘पश्चिम जर्मनी’ असा ठळक ठसा असलेला चाकू ‘पहिल्या महायुद्धातला, पणजोबांचा’ म्हणून विकायला आणणारे लोक आहेत. शेफील्डच्या पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना व्हिक्टोरिया राणीची अक्षरे दिसली तर १८३७ ते १९०१ हा काळ धरतात, पण डोळे मिटून नव्हे. राणी वारली म्हणून चांगला चाललेला ठसा भट्टीत टाकायला कारखानदार काही सुतक पाळत नसतो.

अमेरिकी शिकारी चाकूचा खरा वंश विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिशिगनमधल्या ग्लॅडस्टन गावी सुरू होतो. वेबस्टर मार्बल जंगलात फिरून लाकडाचा अंदाज काढणारा माणूस. रानात भटकताना ज्या ज्या गोष्टींनी त्याला त्रास दिला, त्या त्या त्याने सुधारून विकायला काढल्या. काडेपेटी भिजते म्हणून पाणी न शिरणारी डबी. खिशातली कुऱ्हाड मांडीला लागते म्हणून धारेवर झाकण मिटणारी कुऱ्हाड. तिच्यावरूनच कंपनीचे नाव ‘मार्बल सेफ्टी ॲक्स’ पडले. मग चाकू आले आणि अमेरिकेतल्या बाकीच्या कारखान्यांनी पुढची पन्नास वर्षे त्यांची नक्कल केली. १९११ मध्ये कंपनीने नाव बदलले. त्यामुळे पात्यावर ‘एम एस ए’ ही जुन्या नावाची आद्याक्षरे असली की संग्राहकाचा श्वास थोडा जड होतो.

मार्बलच्याच ‘वुडक्राफ्ट’ नावाच्या चाकूने मात्र नवशिक्यांना जितके फसवले आहे, तितके भामट्यांनीही फसवले नसेल. त्याच्या पात्यावर स्वच्छ अक्षरांत ‘पेटंट १९१६’ असे लिहिलेले असते. नवशिका ते वाचतो, मनात वजाबाकी करतो आणि ‘शंभर वर्षे उलटली!’ म्हणून पाकीट काढतो. ते वर्ष पेटंटचे आहे, चाकूचे नव्हे. पेटंट मिळाल्यावर कंपनीने तो मजकूर पुढे अनेक वर्षे तसाच छापला. मिठाईच्या खोक्यावर ‘स्थापना १९३५’ वाचून आतले पेढे त्या सालचे आहेत असे कोणी समजत नाही. चाकूच्या बाबतीत मात्र शहाणी माणसे असे समजतात. खरे जुने वुडक्राफ्ट ओळखायचे ते उलट्या खुणेने: पेटंट मिळण्याआधीच्या चाकूंवर वर्ष नसते, अर्ज केल्याची नोंद असते. म्हणजे ज्याच्यावर तारीख नाही तो अधिक जुना.

केस या कंपनीने वयाचा प्रश्न सोडवण्याचा सर्वांत मजेशीर उपाय काढला. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या या कंपनीच्या शिक्क्यात दोन फुल्या असतात. पाते भट्टीतून एकदा गेले की एक फुली, दुसऱ्यांदा गेले की दुसरी, अशी त्यांची कथा सांगतात. आपल्याकडे पोराच्या वहीत दोन फुल्या दिसल्या तर घरात वेगळे वातावरण होते. तिथे तो गुणवत्तेचा पुरावा. १९४० ते १९६४ पर्यंतच्या शिक्क्यात नाव आणि दोन फुल्या. १९६५ पासून त्याखाली ‘यू. एस. ए.’ आले. मग १९७० मध्ये कंपनीने घडीच्या चाकूंवर शिक्क्याखाली दहा ठिपके मारले आणि दर वर्षी एक ठिपका कमी करायचे ठरवले. १९७१ मध्ये नऊ, १९७२ मध्ये आठ, असे करत १९७९ ला एक उरला. १९८० मध्ये अक्षरांचे वळण बदलून पुन्हा दहापासून सुरुवात. वाढदिवसाला मेणबत्ती वाढवण्याऐवजी दर वर्षी एक विझवावी, तसे हे. ठिपके मोजता येतात हे कळल्यावर लोक मोजू लागले, मोजू लागल्यावर गोळा करू लागले, आणि ज्या माणसाने जन्मात बटाटाही सोलला नव्हता तो दुकानात भिंग घेऊन ‘सात ठिपक्यांचा आहे का?’ विचारू लागला. चाकू गोळा करण्याच्या छंदाला त्या दशकात जी भरती आली, तिचे मोठे श्रेय या ठिपक्यांना जाते. मात्र म्यानातल्या न मिटणाऱ्या चाकूंवर हे ठिपके शोधत बसू नये.

बाकीच्यांचे हिशेब थोडक्यात सांगता येतात. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या वेस्टर्न कंपनीने १९७७ पासून वर्षाला एक इंग्रजी अक्षर दिले. बक कंपनीने १९८६ पासून वर्षागणिक एक खूण ठरवली. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या प्यूमा कंपनीच्या चाकूंवर १९६४ पासून आकडे आहेत आणि ते वाचणारे तक्ते मिळतात. प्यूमाच्या पात्यावर एक बारीक खळगाही असतो. पोलाद पुरेसे कठीण झाले की नाही हे यंत्राने टोचून पाहिल्याची ती खूण. अनेक प्रामाणिक विक्रेत्यांनी ‘पात्यावर एक लहानसा डाग आहे, क्षमस्व’ म्हणत भाव कमी केला आणि जाणत्या गिऱ्हाइकाने गंभीर चेहऱ्याने ती क्षमा केली.

का-बारची गोष्ट वेगळी, कारण तिथे नावच एका अस्वलाने ठेवले. न्यू यॉर्क राज्यातल्या ओलिअनच्या युनियन कटलरी कंपनीला एका फासेवाल्याचे पत्र आले, अशी कंपनीची आख्यायिका आहे. बंदूक अडकली, जखमी अस्वल अंगावर आले आणि तुमच्या चाकूने ते मारले, असा मजकूर. पण शुद्धलेखन आणि अक्षर असे दिव्य की ‘किल अ बेअर’मधले ‘का बार’ एवढेच लागले. कंपनीने तेच व्यापारचिन्ह केले. शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापणाऱ्या गुरुजींनी यावर विचार करावा. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी मरीन दलाने ज्या चाकूची निवड केली तो याच नावाने जगप्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात तो चार कंपन्यांनी बनवला, आणि सर्वांत जास्त बनवला कॅमिलस कंपनीने. तरी सगळे ‘का-बार’च, आपल्याकडे कोणतेही वनस्पती तूप ‘डालडा’ असते तसे. युद्धावरून परतलेले शिपाई तोच चाकू घेऊन हरणांच्या मागे गेले, आणि आज घराघरांतल्या माळ्यांवरून तो खाली येतो तेव्हा पात्यावरचे कंपनीचे नाव वाचल्याशिवाय भाव सांगू नये.

मुठीकडे वळले की प्रकरण थेट हिंदुस्थानात येते. विसाव्या शतकातल्या अमेरिकी चाकूची ठरलेली मूठ म्हणजे चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून, दाबून, घासून गुळगुळीत केलेली. मध्ये लाल-काळ्या-पितळी चकत्यांचे पट्टे. हे चामडे वाळून आकसले की चकत्यांत फटी पडतात. त्या फटी वयाचा चांगला पुरावा आहेत, पण खरेदीचे चांगले कारण नाहीत. याहून मानाची मूठ शिंगाची. ते शिंग बहुतेक वेळा अमेरिकी हरणाचे नसते. ते असते आपल्या सांबराचे. सांबराचे शिंग आतून भरीव आणि घट्ट असते, म्हणून शेफील्ड, झोलिंगेन आणि पेन्सिल्व्हेनिया इथल्या कारखान्यांना शतकभर तेच हवे होते. मध्य भारतातल्या जंगलात सांबराने दरवर्षीप्रमाणे टाकून दिलेले शिंग जहाजाने ब्रॅडफर्डला जाई, तिथे चाकूची मूठ होई आणि त्या चाकूने कोणी पेन्सिल्व्हेनियातले हरीण सोली. जातभाईंना असे परदेशात भेटण्याची वेळ कोणावर येऊ नये. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून शिंगे जाणे बंद झाले आणि सांबरशिंगाच्या मुठींचे भाव वर गेले.

सेल्युलॉइडची मूठ दिसली तर ती कौतुकाने पाहावी आणि दूर ठेवावी. हे जुने प्लॅस्टिक वय झाले की कुजते आणि त्यातून निघणाऱ्या वाफांनी स्वतःचे पाते तर गंजतेच, शेजारच्या चाकूंचीही पाती गंजतात. चाळीत अशी एक खोली असतेच.

आता म्यान. नवखा संग्राहक चाकू पाहतो आणि म्यानाला पिशवी समजतो. जाणता संग्राहक म्यान पाहतो आणि चाकूला पुरवणी समजतो. याचे कारण साधे आहे. पोलाद सहज नाहीसे होत नाही. चामडे मात्र पावसात भिजते, शेगडीजवळ वाळून कडक होते, उंदीर कुरतडतात, कुत्रा चावतो, टाके उसवतात आणि शेवटी कोणीतरी ते टाकून देतो. चाकू उरतात, म्याने उरत नाहीत. म्हणून अनेक जुन्या चाकूंची किंमत मूळ म्यान नसेल तर जवळपास अर्ध्यावर येते, आणि काही म्याने चाकूशिवाय एकटीच विकली जातात, तीही ऐटीत. शिवाय खोटे बोलणाऱ्याचे लक्ष नेहमी पात्यावर असते. शिक्का कोरतील, पाते घासतील, मूठ बदलतील. पण म्यानाच्या मागच्या शिवणीतले टाके मोजायला त्यांना सवड नसते. चाकूच्या वयाबद्दल जो साक्षीदार सहसा फुटत नाही, तो म्यान.

याचे सर्वोत्तम उदाहरण फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचे रँडल चाकू. १९३० च्या दशकात बो रँडल या गृहस्थांनी मिशिगनमधल्या एका तळ्याकाठी एक माणूस होडीवरचा रंग खरवडताना पाहिला. हातातल्या चाकूने तो खरडखरड खरवडत होता आणि धारेला काही होत नव्हते. तो चाकू बिल स्केगल या मिशिगनच्याच कारागिराचा होता. रँडल यांनी तो विकत घेतला आणि पुढे स्वतःच चाकू करू लागले. अमेरिकेतल्या हातघडणीच्या चाकूंचा सगळा आधुनिक इतिहास असा एका माणसाच्या रंग खरवडण्यातून निघाला. आज स्केगलच्या चाकूने कोणी होडी खरवडायला घेतली तर पाहणाऱ्या संग्राहकाला तळ्यातूनच बाहेर काढावे लागेल.

रँडल यांनी आपल्या पात्यांवर वर्ष घातले नाही, ठिपके मारले नाहीत. त्यामुळे त्यांच्या जुन्या चाकूंची वये बरीचशी म्यानावरून ठरतात, आणि म्यानावर ती ठरतात टिचबटणावरून. आधीची बरीच म्याने डेन्व्हरच्या हायझर या खोगीर करणाऱ्या जुन्या पेढीची. त्यांच्या पाठीवर पेढीचे नाव दाबलेले असते. १९६० च्या दशकात म्याने जॉन्सन नावाच्या कारागिराकडून येऊ लागली. त्यांतल्या सुरुवातीच्या म्यानांवर मूठ अडकवायच्या पट्टीला तपकिरी टिचबटण आहे. या मंडळींत ‘तपकिरी बटण’ एवढे दोन शब्द उच्चारले की खोलीत शांतता पसरते. परकराला आणि झबल्याला लागणारे, पाच-पाचच्या पट्टीवर मिळणारे टिचबटण. त्याच्या रंगावरून इथे शेकडो डॉलर इकडचे तिकडे होतात. बटण आतून कोणत्या कंपनीचे, त्याचा व्यास किती, ते मूळ की नंतर बदललेले, यावर प्रौढ, कमावती, मुलेबाळे असलेली माणसे तावातावाने भांडतात.

रँडलच्या म्यानावर पुढे एक लहान खिसा असतो आणि त्यात धार लावायचा निसणा. हा निसणा न वापरलेला असावा, अशी संग्राहकांची अपेक्षा असते. म्हणजे कधीही न कापणाऱ्या चाकूला कधीही न लागणारी धार लावण्यासाठी कधीही न वापरायचा दगड, आणि तो हरवला तर किंमत उतरते.

म्यान आणि चाकू मुळापासून एकत्र आहेत की नंतर जमवले आहेत, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोडीत मुठीच्या आडव्या पट्टीचा वळ चामड्यावर उमटलेला असतो, पात्याच्या पोटाचा फुगवटा म्यानाला आलेला असतो. चाकू आत सरकवला की अखेरच्या अर्ध्या इंचाला चामडे किंचित हुंकारते आणि जागच्या जागी बसते. जमवलेल्या जोडीत चाकू आत डगडगतो किंवा घशाशी अडतो. झिजेचाही मेळ पाहावा. म्यान रस्त्यावरच्या चपलेसारखे आणि चाकू कोरा करकरीत, असे असेल तर दोघांपैकी एकाचे हे दुसरे लग्न आहे. त्यात गैर काही नाही. फक्त विक्रेत्याने ते सांगावे.

या संसारातली खरी शोकांतिका रासायनिक आहे. चामडे कमावताना वापरलेली आम्ले त्यात शिल्लक राहतात आणि चामडे हवेतला दमट ओलावा धरून ठेवते. म्यानात ठेवलेल्या पोलादी पात्यावर गंजाचे टिपके पडतात आणि म्यानाच्या पितळी रिबिटांवर हिरवा, चिकट थर चढतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे ज्या घरात माहीत आहे, तिथे या थराची वेगळी ओळख करून द्यायला नको. म्हणून जाणकारांचा स्पष्ट सल्ला असा की चाकू म्यानात ठेवू नये. म्हणजे विकताना दोघे एकत्रच हवेत, नाहीतर भाव नाही. आणि नांदताना मात्र वेगवेगळ्या खणांत, नाहीतर दोघांचाही नाश. असे संसार चाकूंच्या बाहेरही चालू आहेत, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

म्यानाची निगा राखताना हात आखडता असावा. वाळलेले चामडे पाहून भल्या माणसाला तेलाची बाटली आठवते. तेल जास्त झाले की म्यान काळे पडते, सैल होते आणि शिळ्या अळूवडीसारखे लोंबते. चामडे लाल भुकटी सोडू लागले असेल तर ते आतून सडले आहे. त्याला चोळू नये. टाके उसवले असतील तर नवे घालण्याआधी दहादा विचार करावा, कारण नव्या पांढऱ्या दोऱ्याचे सहा टाके जुन्या म्यानावर लांबून दिसतात.

पात्याच्या बाबतीत याहून कडक नियम: घासू नये. जुन्या पोलादावर जो करडा-काळपट थर येतो तो त्याचे वय असते आणि बाजार त्याचे पैसे देतो. वारसाने मिळालेला चाकू विकायच्या आदल्या रात्री घरातले कोणीतरी प्रेमाने चिंच-मीठ, राख किंवा काथ्या घेऊन बसते आणि सकाळपर्यंत तो लग्नातल्या पातेल्यासारखा लखलखतो. त्या एका रात्रीत जेवढी किंमत जाते तेवढी चाळीस वर्षांच्या शिकारीने गेली नसती.

किंमत ठरवताना अवस्थेच्या ज्या पायऱ्या वापरतात, त्यांची भाषा शिकून घ्यावी लागते. अमेरिकी संग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने रूढ केलेल्या शिडीत सर्वांत वर ‘कोरा’: कारखान्यातून निघाला तसा, न वापरलेला, न बाळगलेला, धार न लावलेला. खाली ‘जवळजवळ कोरा’. त्याखाली ‘उत्कृष्ट’, यात पाते साधारण दहा टक्के झिजलेले चालते. मग ‘फार चांगला’: पाव पाते गेलेले, मुठीला बारीक तडा. मग ‘बरा’, म्हणजे अर्धे पाते शिल्लक. शेवटी ‘वाईट’, म्हणजे जे काही उरले असेल ते. तेव्हा कोणी चाकू ‘फार चांगला’ आहे म्हणाले तर एक चतुर्थांश चाकू हजर नाही असे समजावे. स्थळे सुचवणाऱ्या काकूंची ‘मुलगा तसा शांत आहे’ ही भाषा ज्यांना उलगडते, त्यांना ही शिडी दहा मिनिटांत पाठ होते.

या शिडीबाहेरही काही गोष्टींचे पैसे मिळतात. मूळ पुठ्ठ्याची पेटी आणि आतला माहितीचा कागद, जो कोणीही वाचलेला नसतो, त्यांनी किंमत चांगलीच चढते. कागदावरच्या अमेरिकी पत्त्यात पाच आकडी पिनकोड असेल तर तो १९६३ नंतरचा, कारण ती पद्धत त्याच वर्षी आली. मालकाने मुठीवर कोरलेली आद्याक्षरे सहसा किंमत उतरवतात. मालक प्रसिद्ध असेल तर तीच अक्षरे ती चढवतात. गोष्टीचे मात्र पैसे देऊ नयेत. ‘हा चाकू आमच्या आजोबांना एका रेड इंडियन प्रमुखाने दिला’ ही कथा पात्यावर १९७७ नंतरचे अक्षर असतानाही सांगितली जाते. चाकू घ्यावा, कथा विक्रेत्याकडेच राहू द्यावी. त्याला ती पुढच्या चाकूसाठी लागते.

बनावट मालात बोवी चाकूंचा पहिला नंबर. त्यांची किंमत इतकी चढली की नवे करून जुने करणे हा स्वतंत्र धंदा झाला: पाते आम्लात बुडवायचे, म्यान चहात भिजवून उन्हात टाकायचे. असे म्यान नाकाला लावून पाहावे. शंभर वर्षांच्या चामड्याला चहाचा वास येत नाही. खऱ्या झिजेला तर्क असतो. ती अंगठा टेकतो तिथे, पट्टा घासतो तिथे, चाकू आत-बाहेर सरकतो त्या ओठावर असते. खोटी झीज देवीच्या व्रणांसारखी सगळीकडे सारखी.

या सगळ्यात हिंदुस्थानी चाकूंचा कोपरा लहान असला तरी रिकामा नाही. १८६० मध्ये हिंदुस्थानातल्या शिकारीवर पुस्तक लिहिणारे हेन्री शेक्सपिअर हे नाटककार नव्हेत, नागपूरच्या अनियमित फौजेचे सेनानी होते. त्यांच्या नावाचा शिकारी चाकू लंडनच्या विल्किन्सनने बनवला. तमिळ प्रांतातल्या सेलमच्या अरुणाचलम यांची पाती साहेब लोक आवडीने घेत. आणि आपल्या औरंगाबादेत बोदराज नावाच्या कारागिराने छावणीतल्या इंग्रज स्वारांसाठी रानडुकराच्या शिकारीचे भाले आणि शिकारी चाकू केले. त्यांवर रोमन लिपीत नाव आणि गावाचा ठसा आहे. असे पाते आज इंग्लंडमधल्या लिलावात निघते तेव्हा ‘औरंगाबाद’चे स्पेलिंग जितके विचित्र तितकी त्याच्या जुनेपणाची खात्री अधिक.

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या वाड्यात असा चाकू अडगळीतून निघाला तर तो घासू नये, म्यानातून काढून वेगळा ठेवावा, म्यान टाकू नये, आणि तो कोणाचा, कुठून आला हे माहीत असलेला घरातला सर्वांत म्हातारा माणूस हयात असेतो एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे. मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची निघाली तर किंमत काढण्याची तसदी घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता तिचा व्यापार बंद आहे; तो चाकू विकता येत नाही.